सायटेशन मोजण्याआधी ती वाच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मनात होतं ते आडपडदा न ठेवता विचारलंस, हे बरं केलंस. दोन पेपर छापून आले, दोन्हींची मिळून सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरांत दिलेले दाखले, अकरा, आणि त्यातली चार तुझ्याच गाइडनी त्यांच्या पुढच्या पेपरांत दिलेली. तुझ्याबरोबर एमएस्सी झालेला मुलगा कॅन्सरमधल्या जनुकांवर काम करतोय आणि त्याचा आकडा शेकड्यांत गेलाय. म्हणून ज्वारीची जनुकं आणि पाण्याचा ताण हे काम सोडून एखादा चलतीतला विषय धरावा का, असं तुझ्या मनात घोळतंय.

ज्वारी सोडू नकोस. माझं मत एवढं स्पष्ट आहे. पण सर म्हणाले म्हणून तू थांबावंस, असं मला नको आहे. उद्या मुलाखतीत समोर बसलेला माणूस तुला हेच विचारणार आहे आणि तेव्हा उत्तर तुझं तुलाच द्यावं लागेल.

सायटेशनची मोजदाद मुळात शास्त्रज्ञांची क्रमवारी लावायला सुरू झालेली नव्हती. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' नियतकालिकात ती कल्पना मांडली आणि १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स निघाला, तो वाचकाच्या सोयीसाठी. एखादा जुना पेपर हाती लागला तर पुढे तो कोणी वापरला, कोणी खोडून काढला, कोणी सुधारला, हे शोधता यावं म्हणून. एच-इंडेक्स त्यानंतर चाळीस वर्षांनी आला. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली तो सुचवला. ज्याच्या दहा पेपरांना प्रत्येकी निदान दहा सायटेशन आहेत, त्याचा एच दहा. हिशेब सुटसुटीत, म्हणून निवड समित्यांना तो फार सोयीचा वाटला. पण वेगवेगळ्या शास्त्रांतले एच वेगवेगळ्या पातळीवर असतात, हे खुद्द हिर्श यांनीच त्या लेखात सांगितलं होतं. तेवढा भाग मात्र मागे पडला.

तुझी आणि तुझ्या मित्राची तुलना तिथेच मोडते. कॅन्सरच्या जनुकांवर काम करणारी प्रयोगशाळा जगातल्या प्रत्येक मोठ्या शहरात आहे. ज्वारीच्या जनुकांवर काम करणारी ठिकाणं तुला तोंडपाठ आहेत. पाटणचेरूची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था, राजेंद्रनगरची मिलेट संशोधन संस्था, आपलं परभणीचं कृषी विद्यापीठ, क्वीन्सलँड, टेक्सास आणि अशीच आणखी काही. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या छोट्या झाडाचा जीनोम, म्हणजे सगळा जनुकसंच, २००० साली हातात आला, ज्वारीचा २००९ साली. वाचणारेच कमी, तर दाखले देणारे जास्त कुठून येणार? रब्बी ज्वारीचा एकरी उतारा कोणी उसाच्या टनांशी ताडून पाहत नाही. हे दोन आकडेही एका ओळीत मांडायचे नसतात.

आता एक काम कर. ज्या अकरा पेपरांनी तुझा दाखला दिलाय, ते सगळे उघड आणि प्रत्येकात तुझं नाव नेमकं कोणत्या वाक्याला जोडलंय, ते वहीत उतरवून काढ. एक संध्याकाळ पुरेल. बहुतेक ठिकाणी तुला प्रस्तावनेतलं एखादं वाक्य दिसेल, 'पाण्याच्या ताणाचा पिकांवर परिणाम होतो' अशा धर्तीचं, आणि पुढे कंसात बारा-पंधरा नावांच्या रांगेत तुझं नाव. त्या माणसाने तुझा सारांशसुद्धा पुरता वाचला असेल की नाही, शंका आहे. त्याने तुझं नुकसान केलेलं नाही, पण त्याचा फार आनंद मानण्याचंही कारण नाही. मग एखाद्या ठिकाणी कोणीतरी तुझे प्रायमर, म्हणजे हवं ते जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, घेऊन आपल्या वाणावर लावलेले दिसतील. किंवा 'आमच्याकडे याच्या उलट दिसलं' असं कोणी लिहिलेलं असेल. तिथे थांब. तो तुझा खरा वाचक. त्याला ईमेल कर, त्याचा कच्चा डेटा माग, तुझा दे. अकरातला असा एक जरी निघाला तरी तुझं काम एका प्रयोगशाळेतून दुसरीत पोचलं, आणि संशोधनाचा प्रभाव मी त्यालाच म्हणतो.

उलट बाजूने दिलेले दाखलेही मोजले जातातच. २०१२ साली एन्कोड प्रकल्पाने मानवी जीनोमच्या ८० टक्के भागात काही ना काही जैवरासायनिक हालचाल दिसते असं मांडलं आणि त्याला 'कार्य' म्हटलं. पुढच्याच वर्षी डॅन ग्राउर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर कडाडून टीका केली. प्रथिन जाऊन चिकटलं म्हणजे त्या जागेला काम आहे, असं होत नाही, हा त्यांचा मुद्दा. जनुक नियंत्रणात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा वाद मुळातून वाचावा. पण सायटेशनच्या खात्यात पाठिंबा आणि विरोध एकाच बेरजेत पडतात.

जगात सगळ्यात जास्त दाखला कशाचा दिला जातो, हे तुला ठाऊक आहे का? 'नेचर'ने २०१४ साली पहिल्या शंभर पेपरांची यादी काढली. यादीत यायलाच १२,११९ सायटेशन लागत होती. अव्वल नंबर होता लाउरी यांच्या १९५१ सालच्या पेपरचा, तीन लाखांहून जास्त सायटेशन. विषय काय, तर द्रावणात प्रथिन किती आहे ते मोजायची पद्धत. वॉटसन-क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा पेपर त्या शंभरात नव्हता. यादीत बहुतेक पद्धतीच होत्या, नाहीतर सॉफ्टवेअर. पद्धत देणं हलकं काम आहे असं मी मुळीच म्हणत नाही, लाउरींच्या पद्धतीवर जीवरसायनशास्त्राच्या कित्येक पिढ्या उभ्या राहिल्या. एवढंच सांगतोय की हा आकडा 'किती वापरलं गेलं' ते सांगतो. 'किती नवं समजलं' हे त्याला विचारू नये.

तुझ्या दोन्ही पेपरांत लिवाक आणि श्मिटगेन यांच्या २००१ सालच्या लेखाचा दाखला आहे. क्यू-पीसीआर, म्हणजे जनुक किती चालू आहे ते मोजायची चाचणी, करणारा प्रत्येक जण तो देतो, त्यामुळे त्याची सायटेशन लाखाच्या पुढे गेली आहेत. पण त्या पद्धतीची अट किती जण पाळतात? दर सायकलला डीएनए दुप्पट होतो असं ती गृहीत धरते. तुझं जनुक आणि तुलनेचं जनुक, दोघांचीही कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या जवळ आणि एकमेकांच्या जवळ असेल तरच तिचं उत्तर खरं. तुझ्या दुसऱ्या पेपरात ताण दिलेल्या आणि न दिलेल्या पानांत पाच सायकलचा फरक आहे. दुपटीच्या हिशेबाने तो बत्तीसपट होतो, आणि तू तसंच छापलंयस. पण तुझे प्रायमर दर सायकलला २ ऐवजी १.९ पट वाढवत असतील तर तोच फरक पंचवीसपटीवर येतो, १.८ असतील तर एकोणीसपटही भरत नाही. ही कार्यक्षमता तपासायला दहा-दहा पटीने पातळ केलेल्या नमुन्यांचा स्टँडर्ड कर्व्ह काढला आणि त्याचा उतार उणे ३.३२ च्या आसपास आला, तर निर्धास्त राहा. तुझ्या पेपरात तो कर्व्ह नाही. परीक्षकांनीही मागितला नाही, पण म्हणून तू द्यायचा नाही असं होत नाही.

दुसरं, तुलनेसाठी, सदा सारखंच चालतं असं मानून, एकटं अ‍ॅक्टिनचं जनुक घेतलंयस. पाण्याचा ताण पडल्यावर अ‍ॅक्टिन स्वतः हलत नाही, हे ज्वारीच्या त्या वाणात, त्या वयाच्या पानात तपासलंस का? एकच जनुक तुलनेला घेतलं की केवढा घोळ होतो, ते फांडेसोंपेल आणि सहकाऱ्यांनी २००२ सालीच दाखवून दिलंय. पुढे २००९ साली क्यू-पीसीआरच्या प्रयोगाची कोणती माहिती छापलीच पाहिजे, याची एमआयक्यूई नावाची नियमावली आली. ती प्रिंट काढून बेंचसमोर लाव. तुझ्यावर दोष ठेवायला हे लिहीत नाही. यातली एकेक गोष्ट नीट केलीस, की तुझ्या आकड्यावर दुसरा माणूस भरवसा ठेवून पुढचा प्रयोग बांधू शकतो.

आणि नमुने घेण्याची वेळ. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण आपल्याकडच्या शेतात हीच गोष्ट सगळ्यात ढिली राहते. डिसेंबरात आपल्या रानात सकाळी पानं ताठ असतात, दुपारी बाराला सुरळी करून घेतात, संध्याकाळी पुन्हा उलगडतात. त्या एका दिवसात पानातली शेकडो जनुकं वरखाली होतात. काही उन्हाने, काही पाण्याच्या ओढीने आणि बरीचशी झाडाच्या अंगच्या घड्याळाने. पाण्याचा ताण आणि थंडी यांना उत्तर देणाऱ्या डीआरईबी-सीबीएफ घराण्यातल्या जनुकांवर या घड्याळाचा अंमल असतो, हे अरॅबिडॉप्सिसमध्ये केव्हाच दिसून आलंय. आता असं समज, की कोरड्या प्लॉटमधली पानं सकाळी आठला काढली, मग द्रव नायट्रोजन कमी पडलं, ते येईपर्यंत थांबलो, आणि पाणी दिलेल्या प्लॉटमधली पानं साडेअकराला काढली. तुझ्या आलेखातला फरक दुष्काळाचा की घड्याळाचा? छापील पेपरवरून ते कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून दोन्ही प्लॉटमधली पानं एकाआड एक काढायची, वेळ मिनिटासकट लिहायची, पान वरून कितवं ते लिहायचं, फुलोऱ्याआधीचं की नंतरचं ते लिहायचं. आणि जमिनीत ओल किती फुटांवर होती तेही लिहायचं. आपले शेतकरी पेरणीआधी मूठभर माती दाबून ओल बघतात, तुझ्याकडे तर ओलावा मोजायचं यंत्र आहे. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवरच येते, तिचा दुष्काळ दाणे भरायच्या वेळी लागतो. कुंडीतलं पाणी आठ दिवस तोडून केलेला प्रयोग आणि काळ्या रानातला प्रयोग यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि जगात दुसऱ्या प्रकारचा डेटा फार थोडा आहे. तो तू देऊ शकतेस.

ज्वारी सोडू नकोस म्हणतो ते यासाठी. स्टे-ग्रीन, म्हणजे हिरवं टिकून राहण्याच्या गुणाचे, गुणसूत्रांवरचे चार प्रमुख पट्टे, एसटीजी१ ते एसटीजी४, इथिओपियाकडच्या मूळ वाणावरून आलेल्या बी३५ या ओळीत सापडले. फुलोऱ्यानंतर पाणी तुटलं तरी या झाडांची पानं हिरवी राहतात. हिरवेपणा टिकवणारं एखादं खास जनुक चालू होत असावं, असं आधी वाटे. पुढे क्वीन्सलँडच्या लोकांनी दाखवलं, की ही झाडं फुलोऱ्याआधीच पानांचा पसारा आवरता ठेवतात, म्हणून जमिनीतली ओल दाण्यापर्यंत पुरते. म्हणजे ज्या जनुकाचं नियंत्रण शोधायचं, ते पान सुकताना बघून सापडायचं नाही. त्याच्या कितीतरी आधी, फुटवे आणि पानं ठरतात तेव्हा बघावं लागेल. इक्रिसॅटने हे पट्टे आर१६ या वाणातही उतरवले. पण मालदांडी, परभणी मोती या आपल्या रब्बी वाणांत, आपल्या जमिनीवर, कोणत्या आठवड्यात कोणतं जनुक बोलतं, हे कोण सांगणार? २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, ते तू शाळेत असताना पाहिलंयस. या प्रश्नाचं मोल तुला दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नाही.

पोच मिळायला वेळ लागतो, हे मात्र खरं. व्हिक्टर अँब्रोस, रोझलिंड ली आणि रॉन्डा फाइनबॉम यांनी १९९३ साली एका सूक्ष्म गोलकृमीत एलआयएन-४ नावाचा चिमुकला आरएनए शोधला. तो प्रथिन बनवत नव्हता, दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला जोडून त्याचं प्रथिन अडवत होता. गॅरी रुवकुन यांनी त्याच वेळी त्या दुसऱ्या जनुकाकडून हीच गोष्ट दाखवली. बरीच वर्षं लोकांनी ती त्या किड्याची विचित्र खोड मानली. २००० साली एलईटी-७ सापडला, तो माशीपासून माणसापर्यंत सगळीकडे आहे असं दिसलं, आणि मग सायटेशनचा पूर लोटला. नोबेल आलं २०२४ मध्ये. १९९६ साली कुणी त्यांचा एच-इंडेक्स काढून निर्णय दिला असता, तर तो काय दिला असता, याचा विचार कर.

आणि आपल्या जवळचं उदाहरण. बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. त्यातल्या क्राय१एसी या अळीनाशक विष बनवणाऱ्या जनुकापुढे फुलकोबीच्या विषाणूतला ३५एस प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा, बसवलेला होता, झाडभर सदा चालू राहणारा म्हणून पुस्तकात शिकवतात तो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतले केशव क्रांती आणि त्यांचे सहकारी यांनी आपल्या शेतांतल्या संकरित वाणांत प्रत्यक्ष विष किती बनतं ते मोजलं. पानात जास्त, बोंडाच्या सालीत आणि फुलाच्या बीजकोशात सगळ्यात कमी, आणि झाड वयात येईल तसं घटत जाणारं. म्हणजे जिथे बोंडअळी खाते तिथेच कमी. हा पेपर २००५ साली 'करंट सायन्स' या बंगळुरूच्या नियतकालिकात छापला. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकाच्या लेखांना सरासरी किती दाखले मिळतात तो आकडा, बघणाऱ्याने ते नियतकालिक बाजूला सारलं असतं, पण बीटी पिकांवर काम करणारे जगभरातले लोक आजही त्या पेपरचा दाखला देतात. प्रश्न शेतातला होता, मोजमाप चोख होतं, आणि आकडे उघडे मांडलेले होते.

तरीही तुला नोकरी हवी आहे, आणि निवडीचा तक्ता आकडे मागतो, हे मी नाकारत नाही. त्यासाठी जे प्रामाणिकपणे करता येतं, ते पुरतं कर. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी रीत. एका पेपरात आडनाव आधी, दुसऱ्यात दोन आद्याक्षरं, लग्नानंतर तिसरंच काही, आणि मग एकाच बाईचं काम तीन माणसांत वाटलं जातं. आजच ओआरसीआयडी, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक, काढ, एक रूप ठरव आणि जन्मभर तेच छाप. कच्चा डेटा सार्वजनिक भांडारात टाक, अमेरिकेतल्या एनसीबीआयच्या जीईओ या जनुकांच्या डेटाच्या भांडारात किंवा फरिदाबादच्या इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटरमध्ये. प्रायमरचे क्रम पुरवणीत नको, मुख्य पेपरातच दे. आणि गाइडना नम्रपणे सांग, की स्वतःचा दाखला गरज असेल तिथेच द्यावा. ते समजून घेतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्कोपस जर्नल, तिसऱ्या लेखकाची जागा रिकामी' असे पैशांचे निरोप तुलाही येत असतील. त्यांना उत्तरसुद्धा देऊ नकोस. युजीसीने २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट काढली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादीही बंद केली. नियतकालिक पारखायची जबाबदारी आता तुझी आणि तुझ्या विभागाची आहे. जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या त्या यादीबद्दलही विचारलंस. स्टॅनफर्डमधल्या जॉन आयोनिडिस यांचा गट स्कोपस या पेपरांच्या आणि दाखल्यांच्या सूचीतल्या आकड्यांवरून ती बनवतो. त्यात स्वतःच स्वतःला दिलेले दाखले वगळून वेगळा हिशेब असतो, कारकिर्दीचा आणि एका वर्षाचा असे दोन तक्ते असतात. आपल्या ओळखीच्या कोणाचं नाव त्यात आलं तर मनापासून अभिनंदन कर, आणि त्यांचे पेपर वाच. तो विद्यापीठाने दिलेला पुरस्कार नव्हे, एवढं ध्यानात ठेव.

पेपर वाचायला मिळत नाहीत ही तुझी तक्रार मात्र आता दूर व्हायला हवी. वन नेशन वन सबस्क्रिप्शन जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिकं सरकारी विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना त्यातून खुली आहेत. तुमच्या ग्रंथपालांना भेट, कॉलेजची नोंदणी झाली आहे का विचार. झाली नसेल तर प्राचार्यांच्या सहीचं पत्र तूच लिहून ने.

तिसऱ्या पेपरचा मसुदा एवढ्यात पाठवू नकोस. आधी अ‍ॅक्टिनच्या जोडीला आणखी तीन-चार तुलनेची जनुकं कोरड्या आणि ओल्या, दोन्ही नमुन्यांवर लाव आणि सगळ्या प्रायमरांचे स्टँडर्ड कर्व्ह काढ. बत्तीसपट टिकलं तर उत्तम, एकोणीसपट निघालं तर एकोणीसपट छापू आणि आधीच्या पेपरला दुरुस्ती जोडू. या रब्बीत पेरणी झाली की तारीख कळव. फुलोऱ्याआधीचे नमुने घ्यायच्या वेळी मी परभणीत असेन. द्रव नायट्रोजनचा मोठा कॅन आमच्या जुन्या विभागातून मिळेल, मी बोलून ठेवतो.

तुझा,
सर

ता.क. तुझ्या आईला नमस्कार सांग. प्लॉटशेजारच्या तुमच्या रानातली ज्वारी कोणत्या वाणाची आहे ते विचारून ठेव. घरचंच जुनं बी असेल तर त्याची चार कणसं वेगळी बांधून ठेवायला सांग.